पाटपाण्याचा काठ: सोनई परिसरातील मासेमारी आणि सापांचा शोध

सोनई हे नेवासे तालुक्यातील गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. तरीही या परिसराला भरपूर काठ लाभला आहे. उत्तरेला मुळा नदी वाहते आणि पुढे प्रवरेला मिळते. प्रवरा प्रवरासंगमाला गोदावरीत जाते, आणि तिथपर्यंत जायकवाडी धरणाचा फुगवटा पोचतो. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला बांधलेल्या 26 टीएमसी क्षमतेच्या मुळा धरणाचा उजवा कालवा नेवासे तालुका भिजवतो. त्या पाटाने ऊस आणला आणि उसामागे सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना आला. त्याच पाण्याने मासे वाढवले, उंदीर पोसले आणि त्यांच्यामागे सापही आणले. म्हणूनच या भागात गळ टाकणारा आणि साप शोधणारा यांना एकाच काठाची ओळख असावी लागते.

मासेमारीचे मोठे क्षेत्र नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, तर उद्घाटन 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. हा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. इथले रोहू, कटला आणि मृगळ मुख्यतः उत्तरेकडच्या नद्यांतले. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे त्यांचे बीज सोडावे लागते. हिरालाल चौधरी यांनी 1957 मध्ये पीयूषग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन या माशांचे प्रजनन घडवले, आणि देशभरच्या धरणांना बीज मिळण्याचा मार्ग खुला झाला. चिलापीला अशी मदत लागत नाही. 1952 मध्ये भारतात आणलेला हा मूळचा आफ्रिकी मासा उथळ काठाला खळगे करून घरटी करतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून त्याची संख्या झपाट्याने वाढते आणि स्थानिक माशांची जागा कमी होते.

धंदा करणारे मच्छीमार तंगूसची (नायलॉन धाग्याची) जाळी संध्याकाळी लावून पहाटे काढतात. हौशी माणसाचा गळ मात्र पाटाच्या मोरीपाशी किंवा नदीच्या डोहात पडतो. गांडूळ किंवा कणकेची गोळी साध्या माशांना पुरते. मरळीला जिवंत बेडूक लागतो. हवेतला श्वास घेण्यासाठी ती अधूनमधून वर येते, आणि पाण्यावरची ती हालचाल पाहूनच गळ टाकायचा असतो. वाम दगडांच्या कपारीत आणि चिखलात दडते, रात्री बाहेर पडते. पाटाचे आवर्तन संपले की खड्ड्यांत उरलेल्या पाण्यात मासे अडकतात आणि मुले ते हातानेच धरतात.

मच्छीमारांच्या जाळ्यांत विरोळा हा सापही सापडतो. त्याला दिवडही म्हणतात. तो बिनविषारी आहे, मासे आणि बेडूक खातो, पण चिडला की मान चपटी करतो आणि कडकडून चावतो. मानेच्या त्या आविर्भावामुळे त्याला नाग समजून मारले जाते. माशामागे जाळ्यात शिरलेला विरोळा तंगूसमध्ये गुंततो, आणि श्वासासाठी वर येता आले नाही तर गुदमरून मरतो. अशा वेळी जाळ्याचे चार डोळे कापणे हाच उपाय आहे. मच्छीमाराला ते नुकसान वाटते, पण साप वाचतो.

काठापेक्षा गंभीर धोका उसात असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी सापांपैकी घोणशीला उसाची सावली आणि उंदीर दोन्ही मानवतात. फुरसे खडकाळ, कोरड्या माळावरचे. मण्यार निशाचर आहे आणि इतर सापही खाते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा सगळ्यांनाच आसरा देतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिलांना जन्म देते, तेही बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या तोंडावर. तिचा मिलनकाळ हिवाळ्यात, म्हणजे नेमका ऊसतोडीच्या हंगामात येतो. पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधणारे आणि झोपडीवजा कोपीत जमिनीवर झोपणारे तोडणी कामगार त्यामुळे सर्वाधिक धोक्यात असतात. पाचट पेटवले की साप जळतात किंवा शेजारच्या शेतात सरकतात. पाचट कुट्टी करून जमिनीत मुरवणे मातीसाठी आणि सापांसाठीही बरे.

साप पाहण्याचा उत्तम काळ पहिल्या पावसानंतरचा. बिळांत पाणी शिरते, बेडूक बाहेर येतात आणि त्यांच्यामागे साप. विजेरी, घोट्यावरचे बूट आणि लांब काठी एवढे साहित्य पुरे. हात बिळात, दगडाखाली किंवा पाचटाच्या ढिगात घालायचा नाही. धामणींची एकमेकींना वेटोळे घालून चाललेली झुंज पाहायला मिळाली तर भाग्यच. लोक तिला मीलन समजतात, प्रत्यक्षात ते दोन नर असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार साप पकडणे, बाळगणे किंवा खेळवणे परवानगीशिवाय गुन्हा आहे. शोधाचा अर्थ पाहणे, ओळखणे आणि नोंद ठेवणे एवढाच. साप गळ्यात घालून काढलेल्या छायाचित्रात अभ्यास नसतो, जिवाशी खेळ मात्र असतो.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो आणि फारसा दुखत नाही. काही वेळाने पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास मंदावतो. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. डॉक्टर काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन 20 मिनिटे स्थिर ठेवतात आणि ते गोठले का हे पाहतात. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे किंवा चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ जातो आणि हानी वाढते. दंश झालेला अवयव हलू न देता, धीर देत, मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोचवावे. भारतात वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, म्हणून उपचारासाठी साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.