‘हप्ता’, ‘आजार’ आणि ‘परतावा’ : आरोग्यविमा व गुंतवणूक यांच्या परिभाषेचा अर्थविचार

नव्याने मिळवू लागलेल्या व्यक्तीपुढे दोन निर्णय बहुधा एकाच सुमारास उभे राहतात. मिळकतीतील शिल्लक कोठे गुंतवावी हा पहिला, आणि खाजगी आरोग्यविमा घ्यावा किंवा नाही हा दुसरा. हे दोन व्यवहार स्वरूपतः परस्परविरुद्ध आहेत. विम्यात मनुष्य लहान पण निश्चित खर्च पत्करून मोठी पण अनिश्चित हानी दुसऱ्यावर सोपवितो. गुंतवणुकीत तो लाभाच्या अपेक्षेने अनिश्चितता स्वतःकडे घेतो. असे असूनही मराठीत ह्या दोहोंसाठी वापरले जाणारे शब्द बऱ्याच अंशी समान आहेत, आणि त्या समानतेमुळे निर्णयच चुकतात. म्हणून ह्या शब्दांचा अर्थदृष्ट्या विचार करणे केवळ कोशकाराच्या उपयोगाचे आहे असे नव्हे.

प्रथम ‘हप्ता’ हा शब्द घ्यावा. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात. त्यावरून आठवडा, आणि पुढे ठराविक काळाने द्यावयाची रक्कम असा ह्या शब्दाचा अर्थविस्तार झाला. आज कर्जाचा हप्ता असतो, भिशीचा असतो, म्युच्युअल फंडात दरमहा भरावयाच्या रकमेचा असतो आणि विम्याचाही असतो. रक्कम नियमाने खिशातून जाते, एवढेच ह्या चौघांत साम्य. कर्जाचा हप्ता ऋण फेडतो, भिशीचा हप्ता आपल्या पाळीला परत येतो, फंडाचा हप्ता साठत जातो. आरोग्यविम्याचा हप्ता मात्र ही त्या वर्षाच्या संरक्षणाची किंमत होय, आणि वर्षाबरोबर ती खर्ची पडते. तरीही वर्षभर आजारपण आले नाही की ‘हप्ता बुडाला’ असे घरोघरी म्हटले जाते. ‘बुडणे’ ह्या क्रियापदात परतीचा हक्क गृहीत आहे. वर्षभर चोरी झाली नाही म्हणून रखवालदाराचा पगार बुडाला असे कोणी म्हणत नाही.

ह्या अपेक्षेला इतिहासाचे कारण आहे. जानेवारी १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचा व्यवसाय शासनाने हाती घेतला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. मध्यमवर्गाच्या परिचयाचा झाला तो मुख्यतः मुदतीअखेर रक्कम हाती देणारा विमा. रुग्णालयाच्या खर्चाची भरपाई करणारी ‘मेडिक्लेम’ योजना सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये आणली, आणि खाजगी कंपन्यांना विमाव्यवसायाचे दार १९९९ च्या कायद्यानंतर उघडले. म्हणजे आरोग्यविमा प्रचारात येण्यापूर्वीच ‘विमा’ ह्या शब्दाला बचतीचा अर्थ चिकटून बसला होता. वस्तुतः ‘विमा’ ह्या शब्दाचा संबंध भय ह्या अर्थाच्या ‘बीम’ ह्या फारसी शब्दाशी जोडला जातो. मूळ अर्थच्छटा भयनिवारणाची. लाभाची अपेक्षा मागाहून आलेली.

यापेक्षा अधिक हानिकारक अशी संदिग्धता ‘आजार’ ह्या शब्दात आहे. व्यवहारातील मराठीत आजारी म्हणजे ज्याला त्रास होत आहे असा. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेऊन कामाला जाणारा मनुष्य ‘आपल्याला कोणताही आजार नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो. विम्याच्या करारात मात्र आजाराची कसोटी त्रास ही नसून निदान व उपचार ही आहे. २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने केलेल्या नियमांनुसार, पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे वैद्यकीय निदान झाले किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेण्यात आला, तो पूर्वीपासून असलेला आजार ठरतो. अशा आजारावरील खर्चासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावयास लावू शकते. पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. म्हणून अर्जातील प्रश्नाला दिलेले ‘नाही’ हे उत्तर बोलीच्या दृष्टीने सत्य आणि कराराच्या दृष्टीने असत्य असू शकते. त्याचा परिणाम दावा नाकारला जाण्यात किंवा पॉलिसीच रद्द होण्यात होतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती दडविल्याच्या कारणावरून, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, कंपनीला हरकत घेता येत नाही; पण पहिल्या पाच वर्षांत अर्जदाराचे संरक्षण त्याच्या उत्तराच्या नेमकेपणावरच अवलंबून असते. ह्या थांबावयाच्या मुदतीमुळेच प्रकृती ठणठणीत असताना, म्हणजे गरज भासण्यापूर्वी, विमा घेणे हितावह ठरते.

‘मर्यादा’ ह्या शब्दाचेही असेच आहे. ‘खोलीभाड्याची मर्यादा प्रतिदिन ५,००० रुपये’ हे वाक्य वाचणारा असे समजतो की १०,००० रुपयांची खोली घेतल्यास वरचे ५,००० रुपये आपण भरले म्हणजे झाले. अनेक करारांत मात्र अशा वेळी शल्यचिकित्सकाचे मानधन, परिचर्या इत्यादी संलग्न खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. उदाहरणादाखल, असा संलग्न खर्च २,००,००० रुपये झाल्यास कंपनी १,००,००० रुपयेच देईल. औषधे, शरीरात बसविलेली साधने व तपासण्या यांना ही कपात लागू होत नाही. तरीही उरलेला भार थोडा नसतो. पॉलिसी हाती आल्यावर ती वाचून परत करण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. ती बहुधा वापरली जात नाही, कारण ‘मर्यादा’ हा शब्द वाचकाला आधीच समजलेला असतो.

गुंतवणुकीच्या परिभाषेत ‘परतावा’ हा शब्द असाच फसवा आहे. ‘परत’ ह्या शब्दाशी त्याचे नाते उघड असल्यामुळे जे दिले ते निदान परत येईलच असा ध्वनी त्यातून निघतो. मुदत ठेवीच्या व्याजाबाबत हा ध्वनी बव्हंशी खरा असतो. समभागांवर आधारलेल्या फंडाबाबत तो खरा नाही, कारण तेथे परतावा ऋणही असू शकतो. उलट ‘गुंतवणूक’ हा शब्द विलक्षण प्रामाणिक आहे. जे गुंतले ते हवे तेव्हा सोडविता येत नाही, ही सूचना धातूतच आहे. ‘जोखीम’ शब्दाचा जुना वापरही बोधप्रद आहे. धोका आणि जबाबदारी ह्या अर्थांबरोबरच जवळ बाळगलेल्या मौल्यवान ऐवजालाही जोखीम म्हणत. ज्याच्याजवळ ऐवज त्याच्याजवळ धोका, हे नाते त्या शब्दाने जपले आहे.

दोन्ही व्यवहारांचा परस्परसंबंध २०२० ह्या वर्षाने स्पष्ट केला. त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ४२,००० च्या आसपास होता; २३ मार्च रोजी तो २६,००० च्या खाली बंद झाला, आणि डिसेंबरअखेर ४७,००० च्या वर गेला. ज्याला थांबता आले त्याचे नुकसान कागदावरच राहिले. परंतु महामारीच्या त्याच वर्षी ज्या घरात रुग्णालयाचे बिल आले आणि विमा नव्हता, त्या घराला पडत्या भावाने विक्री करणे भाग होते. दरमहा ६,००० रुपये पाच वर्षे गुंतविले तर मूळ रक्कम ३,६०,००० रुपये होते. शस्त्रक्रियेचे एक बिल ती संपवू शकते. यावरून आरोग्यविम्याचे खरे कार्य ध्यानात येते. तो गुंतवणुकीचा प्रतिस्पर्धी नसून गुंतवणूकदाराला थांबण्याची शक्ती देणारा आहे.

ह्या विवेचनातून निर्णयांचा क्रमही निष्पन्न होतो. काही महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम न गुंतविता हाताशी ठेवावी. नंतर आरोग्यविमा, आणि कोणी अवलंबून असल्यास केवळ मृत्यूची जोखीम उचलणारा मुदतीचा आयुर्विमा घ्यावा. दीर्घकाळ लागणार नाही तेवढाच पैसा बाजारात गुंतवावा. नोकरीच्या ठिकाणचा सामूहिक विमा असला तरी तो बहुधा नोकरीबरोबर संपतो, हेही विसरता कामा नये. विमा आणि बचत एकाच पॉलिसीत मिळतात असे सांगितले जाते तेव्हा संरक्षणाची किंमत किती आणि साठणारी रक्कम किती, हे वेगवेगळे विचारावे.

परिभाषा घडविणाऱ्यांनाही येथे काही करता येण्यासारखे आहे. ‘हप्ता’ हा शब्द फेडीच्या व साठवणुकीच्या रकमांसाठी राखून आरोग्यविम्याबाबत ‘विमाशुल्क’ हा शब्द योजल्यास ‘बुडाला’ हे क्रियापद त्यापुढे सहजी येणार नाही. अर्जांतही ‘आपणांस काही आजार आहे काय?’ असे न विचारता ‘गेल्या ३६ महिन्यांत कोणत्याही तक्रारीसाठी निदान, सल्ला किंवा औषध घेतले आहे काय?’ असे विचारल्यास उत्तर देणाऱ्याला कराराची भाषा शिकावी लागणार नाही. अशा प्रश्नाला मनुष्य खरे उत्तर देईल, आणि रुग्णालयाच्या दारात ते उत्तर त्याच्या उपयोगी पडेल.