भेंडीची भाजी आणि आईचे नियम

गेल्या वर्षी गाव सोडून कॉलेजसाठी खोली घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात आम्हा तिघांना भेंडीच्या नावाखाली एक हिरवा, चिकट गोळा खावा लागला. गोळा मीच केला होता. भेंडी आधी चिरली, मग धुतली. चढवताच मीठ घातले आणि वर झाकण ठेवले. घरी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "सगळंच उलटं केलंस की रे!" उलटे का, हे मात्र तिला सांगता येईना. "तसं करायचं नसतं," एवढेच तिचे उत्तर.

कारणे पुढे वनस्पतिशास्त्राच्या एका मित्राकडून कळली. भेंडीच्या अंगात एक बुळबुळीत द्रव्य असते. पाणी मिळाले की ते फुगते आणि त्याला तार सुटते. म्हणून भेंडी अख्खी धुवायची, फडक्याने कोरडी पुसायची आणि मगच चिरायची. विळीसुद्धा कोरडी हवी. मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते, म्हणून ते शेवटी. झाकणाखाली वाफेचे पाणी होऊन ते भाजीतच ठिबकते, म्हणून झाकण नाही. आंबटाने चिकटपणा तुटतो, म्हणून आमसूल. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईचा एकही नियम वायफळ निघाला नाही!

आता कृती. भेंडी पाव किलो, कोवळी घ्यावी. शेंडा 'टक्' करून मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर निबर. (भाजीवाल्याला हे आवडत नाही, पण इलाज नाही.) कढईत दोन मोठे चमचे तेल चांगले तापू द्यावे. मोहरी टाकली की दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि साल फुटते; हेच ते तडतडणे. मोहरी गप्प राहिली तर तेल अजून तापायचे आहे असे समजावे. मग ठेचलेला लसूण, दोन हिरव्या मिरच्या, चिमूटभर हिंग आणि सर्वांत शेवटी पाव चमचा हळद. हळद जळली तर भाजी कडवट होते, तेव्हा लगेच भेंडी टाकावी. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे अधूनमधून परतावे. सारखे ढवळू नये, फोडी मोडतात. तार दिसेनाशी झाली की मीठ व दोन चमचे दाण्याचे कूट घालून उतरावे. कढई लोखंडी असेल तर भाजी काळपट दिसते. चवीला काही होत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत हा कागद आईला वाचून दाखवला. "यात लिहिण्यासारखं काय आहे?" म्हणत ती भाकरी थापीत राहिली. पण कान इकडेच होते. वाचून झाले तशी म्हणाली, "आमसूल कधी टाकायचं ते राहिलं. भेंडी अर्धी परतली की दोन टाक. लिही तिथं."