ॲपर्चर, शटर आणि पेन्सिल

ॲन्सेल ॲडम्सचं ‘मूनराइझ, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे छायाचित्र म्हणजे अंदाजपंचे एक्स्पोजरचा मोठा विजय, असं सांगणारे अधूनमधून भेटतात. सूर्य ढगाआड चाललाय, लाइटमीटर सापडत नाही, तरी पठ्ठ्यानं बटण दाबलं आणि इतिहास घडला! यातलं सूर्याचं आणि मीटरचं खरं, अंदाजपंचेचं नाही. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल हा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून गणित करून त्यानं ६४ एएसएच्या फिल्मला गडद पिवळ्या फिल्टरमधून एफ/३२ वर एक सेकंद दिला. दुसऱ्या फिल्मसाठी होल्डर उलटवेपर्यंत चित्रातल्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

लिहायची राहिली ती तारीख. पुढे या एकाच चित्राखाली वेगवेगळी सालं छापली गेली. शेवटी चंद्राच्या जागेवरून गणित मांडावं लागलं. त्यातून आधी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख निघाली आणि १९९१ मध्ये खगोल अभ्यासक डेनिस डी चिको यांनी ती दुरुस्त करून १ नोव्हेंबर केली. वहीतल्या एका ओळीची कसर भरायला पन्नास वर्षं लागली. म्हणून फिल्मवरच्या प्रत्येक फोटोची नोंद वहीत हवी.

‘नोंद म्हणजे ॲपर्चर आणि शटर स्पीड’ हा तर सर्वांत पक्का गैरसमज. एफ/११, १/६० एवढंच लिहिलं तर फिल्मला किती प्रकाश दिला ते कळतं, तेवढाच का दिला ते कळत नाही. पावसाळी ढगांखाली सह्याद्रीचा काळा कडा टिपलात आणि निगेटिव्हवर तो काचेसारखा कोरा आला, तर या दोन आकड्यांचं लोणचं घालायचं का? त्याऐवजी ‘मीटर कड्याच्या सावलीवर, दोन स्टॉप कमी’ असं लिहिलेलं असेल तर चूक लगेच सापडते: पुढच्या वेळी एकच स्टॉप कमी करायचा. मीटर कशावर धरलं, ही माझ्या मते नोंदीतली सर्वांत मोलाची ओळ आहे, आणि नेमकी तीच बहुतेक वह्यांत नसते.

‘फिल्म सगळं सांभाळून घेते, लिहायचं कशाला?’ निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश बराच सोसते, कमी पडलेला नाही. सावलीत जे उमटलंच नाही ते डेव्हलपर कुठून आणणार? स्लाइड फिल्मवर तर अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते. शिवाय लॅबचा स्कॅनर उजेड-अंधार आपोआप सारखा करून देतो. म्हणून वहीतली नोंद स्कॅनशी ताडू नका, लाइटबॉक्सवर ठेवलेल्या निगेटिव्हशी ताडा.

‘शेजारी फोनवर एक फोटो काढला की झालं.’ वेळ आणि जागा यांसाठी उत्तम. पण त्यातले एक्स्पोजरचे आकडे फोनचे, तुमच्या कॅमेऱ्याचे नव्हेत. कॅनन ईओएस-१व्ही किंवा निकॉन एफ६ सारखे फिल्मयुगाच्या अखेरचे कॅमेरे स्वतःच नोंद ठेवत. बाजारातून आणलेल्या जुन्या मेकॅनिकल कॅमेऱ्याकडून ती अपेक्षा नको.

‘मीटरनं सांगितलं तेच दिलं, वेगळं काय लिहायचं?’ लांब एक्स्पोजरला हे चालत नाही. इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला मीटर १० सेकंद म्हणालं तर प्रत्यक्षात सुमारे २० सेकंद द्यावे लागतात. दोन्ही आकडे लिहावेत. फिल्टरचंही तसंच.

आणि एक फसगत माझी स्वतःची. कॅमेऱ्यावरचा फ्रेमचा आकडा आणि फिल्मच्या कडेला छापलेला आकडा जुळतोच असं नाही. फिल्म भरताना एखादी फ्रेम मागेपुढे होते. हे ठाऊक नसल्यानं मी एका अख्ख्या रोलच्या नोंदी एक घर सरकवून वाचल्या आणि चांगल्या मीटरला दोष देत बसलो. आता पहिल्याच फ्रेमवर रोल क्रमांक लिहिलेल्या कागदाचा फोटो काढतो. तुम्हीही काढा. वही खिशात मावेल एवढी घ्या, पेन्सिलनं लिहा, कारण जेलपेनची शाई पावसात फुटते. आणि हो, वर तारीख टाका.