सर्दी आहे, ऑपरेशन पुढे

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा किंवा देवरीच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलाचा हर्निया आढळतो. शस्त्रक्रिया ठरते. धानकापणीची मजुरी बुडवून आईबाप गोंदियाला येतात आणि भूलतज्ज्ञ म्हणतात, 'सर्दी आहे, दोन-तीन आठवड्यांनी या.' राग येणं साहजिक आहे, पण कारण खरं आहे.

सर्दीत श्वासमार्गाचं अस्तर सुजतं आणि हळवं होतं. भूल देताना नळीचा किंवा लाळेचा जरासा स्पर्श झाला, तरी स्वरयंत्र घट्ट मिटू शकतं आणि हवा आत जातच नाही. लहान मुलाचं शरीर वजनाच्या मानाने मोठ्यांच्या जवळपास दुप्पट प्राणवायू वापरतं, त्यामुळे रक्तातल्या प्राणवायूची पातळी झपाट्याने घसरते. मार्गही मुळातच अरुंद. चार मिलिमीटर व्यासाच्या श्वासनळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली, तर हवेची तीन-चतुर्थांश जागा कमी होते! नाक वाहायचं थांबल्यावरही हा हळवेपणा काही आठवडे टिकतो. घरात विडी-सिगारेटचा धूर असेल, मुलाला दमा असेल किंवा बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर धोका आणखी वाढतो.

प्रत्येक सर्दीला मात्र थांबावं लागत नाही. नाक पाण्यासारखं वाहतंय, ताप नाही, मूल खेळतंय, तर अनेकदा शस्त्रक्रिया होते. ताप, हिरवट शेंबूड, ओला खोकला किंवा छातीत घरघर असेल, तर पुढे ढकलणंच योग्य. अडकलेल्या हर्नियासारख्या तातडीच्या वेळी डॉक्टर जादा काळजी घेऊन लगेच शस्त्रक्रिया करतात.

म्हणून गाडीत बसण्याआधी रुग्णालयात फोन करा, आणि तारीख हुकेल या भीतीने खोकला लपवू नका.