हळदीचा लाल डाग आणि डोळ्यातला चुना

लग्नाच्या हळदीत माखलेला सदरा साबणाने घासला, की पिवळा डाग एकदम लाल होतो. भरपूर पाण्यात खळबळला, की पुन्हा पिवळा दिसू लागतो. भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकपासून पुणे शहरापर्यंत हा अनुभव घरोघरी येतो. यात हळदीची भेसळ नाही, की साबणाचा दोष नाही.

हळदीतील करक्युमिन हे रंगद्रव्य आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळे असते. साबण किंवा चुना अशा आम्लारीत त्याच्या रेणूतून प्रोटॉन निघून जातो. रेणूतील इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते, तो वेगळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला लाल दिसतो. लिंबू पिळले, की प्रोटॉन परत मिळतो आणि पिवळा रंगही परततो. अशा पदार्थांना ‘दर्शक’ म्हणतात. शाळेतला लिटमस कागद आणि जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस हेही दर्शकच. हळदीचे पारंपरिक कुंकू होते तेही याच गुणामुळे.

आम्ल-आम्लारी मोजण्यासाठी डेन्मार्कचे सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये सामूची पट्टी सुचवली. ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. कपड्यांच्या साबणाच्या पाण्याचा सामू साधारण १० असतो, तर चुन्याच्या निवळीचा १२ च्याही पुढे. म्हणजे शंभरपटीहून अधिक फरक!

हाच चुना घरात पानाच्या डब्यात, तंबाखूच्या पुडीसोबत सहज पडलेला असतो. लहान मूल खेळता खेळता चुन्याची ट्यूब दाबते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आम्लाने बुबुळावरची प्रथिने गोठतात आणि आम्ल बरेचसे वरच अडते. आम्लारी मात्र पेशींचे स्निग्ध आवरण विरघळवत खोल शिरते. त्यामुळे दृष्टी कायमची जाऊ शकते.

अशा वेळी भोरला किंवा पुण्याला पोचेपर्यंत थांबू नये. मुलाचे डोके दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलते करून, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार किमान अर्धा तास सोडावी. चुन्याचे दिसणारे कण ओल्या स्वच्छ कापडाने अलगद टिपावेत. मग लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा. तूप, दूध, मध घालू नये. ‘आम्लारीवर आम्ल’ म्हणून लिंबू तर मुळीच पिळू नये. त्याने इजा वाढते. रुग्णालयात डॉक्टर पापणी उलटून अडकलेले कण काढतात आणि खालच्या पापणीत दर्शक कागद लावून पाहतात. सामू ७ च्या आसपास स्थिर होईपर्यंत धुणे चालूच राहते.

हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकून तो लाल रंग मुलांना मोठ्यांनीच दाखवावा. त्यानंतर चुन्याची डबी मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावी.