स्काउट-गाइड चळवळ: बंगळूरपासून नवी मुंबईपर्यंत

स्काउट चळवळ भारतात १९०९ साली आली, पण भारतीय मुलांसाठी आली नाही. चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर वीस मुलांचे पहिले शिबिर घेतले. त्यानंतर दोनच वर्षांत बंगळूरला पथक उभे राहिले, मात्र ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. शिस्त आणि संघटना शिकलेली देशी पोरे उद्या आपल्यावरच उलटतील, अशी सरकारला धास्ती होती. मुलींची पहिली गाइड कंपनी १९११ मध्ये जबलपूरला निघाली.

भारतीय मुलांवरच्या या बंदीला उत्तर म्हणून देशी संघटना निघाल्या. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला काढलेल्या संघटनेतली मुले फेटे बांधत, भारतीय गाणी म्हणत. १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीची स्काउट संघटना उभारली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, तेव्हा बेझंटबाईंची पथके त्यांच्या मुख्य संघटनेत गेली. सेवा समिती वेगळीच राहिली. सगळ्यांना एका झेंड्याखाली यायला स्वातंत्र्य मिळावे लागले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली, १५ ऑगस्ट १९५१ ला गाइडही तिच्यात आल्या.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला मोठा मान गाइडांमुळे आला, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही हे खेदाचे आहे. गाइडांच्या जागतिक संघटनेचे आशियातील केंद्र, ‘संगम’, पुण्यात आहे. डेन्मार्कच्या राजकन्या बेनेडिक्टे यांनी १६ ऑक्टोबर १९६६ रोजी त्याचे उद्घाटन केले. देशोदेशीच्या तरुणी इथे येऊन राहतात, पुण्यातल्या सामाजिक संस्थांबरोबर काम करतात.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. म्हणजे हे शहर वसू लागले तेव्हा चळवळीची घडी आधीच बसली होती: कामाचे केंद्र शाळा, तिच्यावर जिल्हा संस्था, मग राज्य. वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि खारघर-पनवेल रायगडात, त्यामुळे एकाच शहरातल्या शाळा दोन जिल्ह्यांत विभागल्या जातात.

शाळेतल्या उपक्रमांत ‘खरी कमाई’ सर्वांत मोलाची. घरच्यांकडून मागून आणलेले पैसे तिथे चालत नाहीत. मुले शाळेत भेळ-सरबत विकतात, शेजारपाजारची किरकोळ कामे करतात आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब लिहितात. लहानग्यांचे विभाग कब आणि बुलबुल; पुढे स्काउट-गाइड झालेल्यांसाठी प्रवेश, मग तीन सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण असते. त्यापुढच्या वयात मुलांसाठी रोव्हर आणि मुलींसाठी रेंजर विभाग आहे.