परक्या यकृताचा स्वीकार : डॉ. थॉमस स्टार्झल यांचे संशोधन

अवयवदान म्हटले की दात्याचे औदार्य आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. ते दान घेणाऱ्याच्या देहाला पचवावे लागते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. रक्तातील पांढऱ्या पेशींना दान आणि आक्रमण यांतील भेद कळत नाही. जे परके, ते नष्ट करणे एवढेच त्या जाणतात. हा पेच सोडवण्यात अमेरिकन शल्यविशारद डॉ. थॉमस स्टार्झल (१९२६–२०१७) यांनी आयुष्य वेचले.

आयोवा राज्यातील ल मार्स या छोट्या गावी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी धर्मगुरू होण्याचा त्यांचा मानस होता. १९४७ साली परिचारिका असलेल्या त्यांच्या मातेचे कर्करोगाने निधन झाले आणि ते वैद्यकाकडे वळले. (सेमिनरीचे दार चुकलेला हा विद्यार्थी शुश्रूषेपासून फार दूर गेला, असे काही म्हणता येणार नाही!)

१ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे त्यांनी मानवी यकृतरोपणाचा पहिला प्रयत्न केला. रुग्ण तीन वर्षांचा बालक होता. रक्तस्राव थांबेना आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच त्याने प्राण सोडला. त्यानंतरचे रुग्णही काही आठवड्यांपलीकडे जगले नाहीत, तेव्हा त्यांनी ही शस्त्रक्रिया थांबवली. १९६७ साली ती पुन्हा हाती घेतली आणि एक चिमुकली नव्या यकृतावर वर्षाहून अधिक काळ जगली. प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी सायक्लोस्पोरिन (१९८०) आणि टॅक्रोलिमस (१९८९) ही औषधे त्यांनी यकृतरोपणात वापरली, तेव्हा कुठे ही शस्त्रक्रिया नित्याची झाली. यांतील दुसरे औषध जपानमधील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळाले आहे.

तथापि हिपॅटायटिस बीच्या रुग्णांपुढे निराळेच संकट होते. रोगट यकृत काढून टाकले तरी विषाणू रक्तात उरतोच आणि तो नव्या यकृतात शिरतो. एरवी हा विषाणू स्वतः यकृताचा फारसा नाश करीत नाही. बाधित पेशी मारणाऱ्या आपल्याच संरक्षक पेशींमुळे बरीचशी हानी होते. परंतु रोपणानंतर औषधांनी या संरक्षकांचे हात बांधलेले असतात आणि विषाणूला मोकळे रान मिळते. अवयव टिकवणारे औषधच अशा रीतीने रोगाला वाट करून देते.

बबून माकडाच्या यकृताला या विषाणूची बाधा होत नाही, असे मानले जात होते. म्हणून जून १९९२ मध्ये पिट्सबर्ग येथे स्टार्झल यांच्या चमूने पस्तीस वर्षांच्या एका रुग्णास बबूनचे यकृत बसवले. तो ७० दिवस जगला. मृत्यू ओढवला तो बुरशीच्या संसर्गामुळे. हे धाडस योग्य होते काय? २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे प्रत्यारोपण-तज्ज्ञांच्या परिषदेत पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्राण्यांच्या अवयवांविषयी दोन अटी सांगितल्या : रुग्णाच्या मानसिक व जनुकीय ओळखीस बाधा येऊ नये आणि त्याला अवाजवी धोक्यात लोटले जाऊ नये. दुसऱ्या अटीवर हा प्रयोग उतरतो काय, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका वाटते. मात्र त्या रुग्णापुढे दुसरा मार्ग फारसा उरला नव्हता, हेही खरे.

उत्तर अखेर दुसरीकडून आले. हिपॅटायटिस बीविरोधी प्रतिपिंडांची इंजेक्शने आणि विषाणुरोधक गोळ्या यांमुळे नव्या यकृतात हा रोग आता क्वचितच उलटतो. लस तर त्याच्याही आधीचा उपाय होय. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती बालकास जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. घरी बाळ येणार असेल, त्यांनी प्रसूतिगृहात याची आवर्जून चौकशी करावी.

१९९२ मध्येच स्टार्झल यांनी आपल्या जुन्या रुग्णांना तपासणीसाठी बोलावले. काहींच्या रोपणाला तीन दशके होत आली होती. त्यांच्या त्वचेत आणि लसीकाग्रंथींत दात्याच्या पेशी मिळून-मिसळून राहत असल्याचे दिसून आले. अवयव स्वीकारला जातो तो या सहवासामुळेच, असे प्रतिपादन स्टार्झल यांनी केले. पुढे १९९८ साली नोबेल-विजेते स्विस शास्त्रज्ञ रोल्फ झिंकरनागेल यांच्या समवेत त्यांनी असे मत मांडले की, देह काही विषाणूंना आयुष्यभर निमूटपणे सांभाळतो आणि परक्या अवयवाला सामावून घेतो, या दोन्हींमागे एकच नियम असावा. अनेक तज्ज्ञांना हे मान्य नाही. दात्याच्या पेशी हे स्वीकाराचे कारण नसून परिणाम आहे, असे ते म्हणतात. परंतु परस्पर औषधे सोडून दिलेले काही रुग्ण वर्षानुवर्षे ठणठणीत राहिले, हे स्टार्झल यांनी पाहिले होते. (वाचकांनी असे धाडस मुळीच करू नये, बहुतेकांचा अवयव त्यामुळे निकामी होतो.) कोणाचे औषध निर्धोकपणे थांबवता येईल, हे आधी ओळखण्याची खात्रीची चाचणी अद्याप हाती आलेली नाही.